स्टर्नड्राइव्ह बोटीतील कंप : दोष कपलरचा की अलाइनमेंटचा? (मदत हवी आहे)

आमची १९ फुटी बोट मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअरवर असते. बोट १९९८ सालची असून तिच्यात मर्क्रूझरचे ४.३ लिटरचे व्ही-६ इंजिन आणि अल्फा वन जनरेशन टू ड्राइव्ह (बोटीच्या मागे बाहेर बसणारा, पंखा फिरवणारा भाग; इंजिन आत आणि ड्राइव्ह बाहेर, अशा रचनेला स्टर्नड्राइव्ह म्हणतात) आहे. गिअरचे प्रमाण १.८१ ला १. हिवाळा संपल्यावर बोट पाण्यात उतरवल्यापासून साधारण २२०० ते २८०० आरपीएमच्या दरम्यान इंजिनाच्या झाकणाखालची सगळी जमीन थरथरते. वेग त्याहून वाढवला की कंप कमी होतो, पण पूर्ण जात नाही. मरिनातील मेकॅनिकचे मत असे, की इंजिनामागचा कपलर (इंजिनाची फिरती शक्ती ड्राइव्हच्या शाफ्टला देणारा जोड) गेला आहे आणि तो बदलण्यासाठी इंजिन उचलावे लागेल. एवढा खर्च करण्याआधी निदान पक्के व्हावे, यासाठी हा धागा काढत आहे.

हे तळे उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम ११ फूट, त्यामुळे पहिला संशय अर्थातच पंख्यावर (प्रोपेलरवर) गेला. जवळचा दुसरा पंखा लावून पाहिला, तरी फरक पडला नाही. पंख्याचा शाफ्ट वाकला आहे का, हे पाहण्यासाठी न्यूट्रलमध्ये तो हाताने फिरवून त्याच्या टोकाशी एक खिळा स्थिर धरला. डोळ्यांना डगमग दिसली नाही.

न्यूट्रलमध्ये त्याच आरपीएमला कंप बराच कमी असतो. यावरून मेकॅनिकने इंजिन निर्दोष ठरवले, ते मला पटते. मात्र अल्फा ड्राइव्हमध्ये क्लच खालच्या गिअरकेसमध्ये असल्याने न्यूट्रलमध्येही कपलर, गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या शाफ्टला आधार देणारे बेअरिंग), यू-जॉइंट (शाफ्टला कोनात वळू देणारे सांधे) आणि उभा शाफ्ट फिरतच असतात. थांबतो तो फक्त पंखा, आणि त्याच्याबरोबर भार जातो. तेव्हा न्यूट्रलमधल्या शांततेवरून या भागांना निर्दोष म्हणता येणार नाही.

म्हणून फोनमधील कंपमापकाचे अ‍ॅप इंजिनाच्या झाकणावर ठेवून २४०० आरपीएमला नोंद घेतली. या गतीला क्रँकशाफ्ट सेकंदाला ४० फेरे घेतो, पंखा सुमारे २२, आणि यू-जॉइंटचा दोष असेल तर तो फेऱ्याला दोनदा, म्हणजे ८० हर्ट्झला दिसायला हवा. आलेखातील सर्वांत उंच शिखर ४० हर्ट्झवर आहे. फोनच्या मोजणीवर किती विसंबावे हा प्रश्न आहेच, पण दोष क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा प्रकट होतो, असा अर्थ मी लावला.

त्यानंतर बोट ट्रेलरवर घेऊन ड्राइव्ह काढला. रबरी बेलोजमध्ये (सांध्यांवरच्या पाणी अडवणाऱ्या घडीदार नळीत) पाणी नव्हते, यू-जॉइंट कोठेही अडकत नाहीत आणि गिंबल बेअरिंग बोटाने फिरवल्यावर खरखर लागत नाही. अलाइनमेंट बार (इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का, हे तपासण्याचा दांडा) बेअरिंगमधून जातो, पण कपलरच्या स्प्लाइनमध्ये (आतल्या लांबट खाचांमध्ये) शिरताना शेवटी अडतो. बारवर ग्रीस लावून पाहिले, तर स्प्लाइनचे ठसे खालच्या बाजूलाच उमटले. हा कपलरचा दोष समजावा, की इंजिनाचे पुढचे माउंट (इंजिन ज्यांवर टेकते ते आधार) वरखाली करून अलाइनमेंट साधल्यास काम होईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

दोन्ही शक्यतांचा निवाडा आपल्याला घरीच करता येईल. बार पुसून पुन्हा ग्रीस लावा, सरळ आत घाला, न फिरवता सरळ बाहेर काढा आणि ठसे पाहा. मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून क्रँक पाव फेरा फिरवा आणि हेच करा, असे पूर्ण फेरा होईपर्यंत. ठसे दर वेळी खालीच आले, तर इंजिनाची रेषा बिघडली आहे. ठशांची जागा क्रँकबरोबर फिरत गेली, तर कपलर स्वतःच केंद्रातून सरकला आहे किंवा त्यातील रबर सुटले आहे. एक सावधगिरी घ्या : गिंबल बेअरिंग आपल्या जागी थोडे कलते, म्हणून बारच्या टोकाला लाकडी हातोडीने हलके ठोके देऊन ते कपलरच्या रेषेत आणल्याशिवाय ठशांवर विश्वास ठेवू नका.

आणि माउंटला हात लावण्याआधी ते ज्या लाकडावर बसले आहेत ते तपासा. त्या काळातील बऱ्याच बोटींमध्ये फायबरग्लासच्या आत लाकडी स्ट्रिंगर (बोटीच्या तळाशी लांबीच्या दिशेने जाणाऱ्या आधाराच्या तुळया) असतात.

धागाकर्ता

सुचवल्याप्रमाणे केले. चारही स्थितींत ठसे खालीच आले. डाव्या पुढच्या माउंटचा लाकडात जाणारा स्क्रू पान्याने नुसताच फिरतो, पकड घेत नाही. म्हणजे इंजिनाची पुढची बाजू तिथे खचली असावी. कपलरची मागणी तूर्त थांबवली आहे. भोकात इपॉक्सी भरून स्क्रू पुन्हा बसवला, तर चालेल का?

प्रतिसाद

ते लाकूड किती दूरवर भिजले आहे यावर अवलंबून आहे. माउंटच्या मागेपुढे स्ट्रिंगरच्या बाजूने बारीक ड्रिलने काही भोके पाडा आणि बाहेर येणारा भुसा पाहा. फिकट आणि कोरडा भुसा आला तर तिथले लाकूड शाबूत आहे. काळपट, ओला आला तर कुजले आहे. कूज स्क्रूच्या भोकापुरती असेल, तर भोक मोठे करून, पूर्ण वाळवून, घट्ट इपॉक्सीने भरा आणि मग पुढच्या माउंटच्या नट्सनी उंची जुळवा. बार दोन बोटांच्या जोराने आत-बाहेर होईपर्यंत ड्राइव्ह लावू नका. कूज लांबवर गेली असेल, तर स्ट्रिंगरसाठी इंजिन उचलावेच लागेल. तेव्हा कपलरही त्याच फेरीत बदलून घ्या, कारण वाकड्या रेषेत चाललेल्या त्याच्या स्प्लाइन झिजलेल्या असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यासाठी पुन्हा तेवढीच मजुरी देणे परवडणारे नाही.