भावंडांची नावे एकमेकांना शोभणारी असावीत का? आपला अनुभव सांगा

माझी थोरली मुलगी ओवी साडेचार वर्षांची आहे आणि तिच्या धाकट्या भावाचे बारसे येत्या गुरुवारी आहे. ओवीचा जन्म रोहिणीवर झाला, तेव्हा 'ओ' हे अक्षर आले आणि नाव लगेच सुचले. बाळाला मात्र हस्ताच्या चौथ्या चरणाचे 'ठ' आले, म्हणून व्यवहारातले नाव आम्हीच निवडायचे ठरले. ओवीशी जुळेल असे ओम, ओंकार किंवा ओजस यांपैकीच नाव ठेवावे, असा सासूबाईंचा आग्रह आहे. मुलाला त्याचे स्वतःचे नाव मिळावे, बहिणीच्या नावाला जोडलेले शेपूट नको, असे मला वाटते. मते पुष्कळ ऐकली. ज्यांनी अशी नावे आयुष्यभर वागवली, त्यांचे अनुभव हवे आहेत.
— ओवीची आई, विजापूर रोड

आम्ही तिघे भाऊ सतीश, सुरेश आणि सुनील. वडील गिरणीत होते. पाळीवरून येताना बोळाच्या तोंडाशी उभे राहून ते एका दमात तिन्ही हाका मारत, आणि ते ऐकायला खरोखर गोड वाटे. अडचण पुढे आली. आपल्याकडे नावापुढे वडिलांचे नाव आणि मग आडनाव लागते, म्हणजे भावंडांच्या नावाचे दोन भाग मुळातच सारखे असतात. पहिल्या नावाचे अक्षरही एकच असले की आद्याक्षरांवरून कोण कोणता हे कळायला काही मार्ग उरत नाही. मी पदवीधर झालो त्या वर्षी मला मुलाखतीचे पत्र आले. पाकिटावर फक्त 'एस. एम.' आणि आडनाव टंकलेले होते. वहिनींनी ते थोरल्याचे समजून त्याच्या ट्रंकेत, विम्याच्या कागदांवर नीट ठेवले, कारण तो फिरतीवर होता. तो परतला तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते. त्यात वहिनींचा काही दोष नव्हता, हे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणतो. माझ्या दोन्ही मुलांची नावे मात्र मी वेगवेगळ्या अक्षरांवरून ठेवली.
— मधला भाऊ, भवानी पेठ

आमच्या पद्मशाली घरात जुळणीचा विचारच नव्हता; थोरल्याला वडिलांच्या वडिलांचे नाव आणि धाकट्याला आईच्या वडिलांचे, हे ठरलेले. त्यामुळे मी नरसय्या आणि भाऊ व्यंकटेश. आजीची मात्र पंचाईत झाली, कारण नवऱ्याचे नाव ती कधी उच्चारत नसे आणि तेच नाव आता नातवाचे झाले होते. तिने मला 'पेद्दोडा' आणि भावाला 'चिन्नोडा' म्हणायला सुरुवात केली; तेलुगूत त्याचा अर्थ थोरला आणि धाकटा. मागावर बसलेल्या आजोबांच्या धोट्याच्या आवाजावरून ती या दोन हाका मारायची, आणि आज साठीतही आम्ही एकमेकांना तेच म्हणतो. कागदावरची नावे जुळली नाहीत, घरातली जुळली.
— साखर पेठ

मी प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या वर्गात श्रेया आणि श्रिया या जुळ्या बहिणी होत्या. एका मात्रेच्या फरकामुळे एकीचे गुण दुसरीच्या खात्यात माझ्याच हातून लिहिले गेले, आणि ज्या मुलीचे गुण गेले ती दोन दिवस गप्प होती. नावे जुळवावीत, पण हाक मारल्यावर दोघींनी वळून पाहावे इतकी नकोत.
— शेळगी

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार नावे ओळीने म्हणून पाहावीत. त्यांत यमक नाही, पहिले अक्षरही समान नाही; तरीही निवृत्ती, तिच्यातून ज्ञान, पुढे सोपान म्हणजे जिना आणि शेवटी मुक्ती, असा एकच प्रवास त्यांतून उलगडतो. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या चापेकर बंधूंची तिन्ही नावे कृष्णाचीच आहेत. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे आणि आम्ही भावंडे सोपान व मुक्ता आहोत. नावांचे नाते कोणाला समजावून सांगावे लागले नाही.
— बाळीवेस

एक व्यावहारिक गोष्ट सांगते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तीत बाळाचे नाव त्याच वेळी द्यावे लागत नाही. १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते. आम्ही घाईत नाव दिले आणि दुरुस्तीसाठी फार हेलपाटे घातले.
— होटगी रोड

माझे माहेर सातारा जिल्ह्यात. थोरली बहीण सुवर्णा, दुसरी सुरेखा आणि तिसरी मी, नकुसा. शाळेत हजेरी घेताना माझ्या नावावर मुले हसत; पण मला त्याहून जास्त लागायचे ते आईने अंगणातून 'सुवर्णा, सुरेखा' अशी सलग हाक मारली की, कारण त्या हाकेत मला जागाच नव्हती. २०११ साली साताऱ्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे मिळाली, ती बातमी वाचून मी खूप रडले. माझे नाव त्याच्या बऱ्याच आधी, लग्नात बदलले होते. नाव काय ठेवायचे, असे यजमानांनी मलाच विचारले, तेव्हा मी म्हणाले की काहीही चालेल, पण 'सु'वरून असावे. त्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'सुनंदा' लिहिले आणि 'नं'वरचा अनुस्वार द्यायला एक दाणा सरकवला. त्या दिवशी मी बहिणींची बहीण झाले. तेव्हा सासूबाईंचा आग्रह केवळ हौसेचा आहे असे धरून चालू नये, एवढीच विनंती.
— सुनंदा, जुळे सोलापूर

सुनंदाताई, तुमचे लिहिलेले मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ पाळण्याची दोरी धरून बसल्या आणि मग म्हणाल्या की अक्षराचे राहू दे, पण दोघांत नाते दिसू दे. मुक्ताताईंच्या घरातली पद्धत आणि मधल्या भावांची हुकलेली मुलाखत, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून आम्ही बाळाचे नाव अभंग ठेवायचे ठरवले आहे. गुरुवारी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झाल्यावर आत्या ते कानात सांगेल. ओवीला मात्र आम्ही आजच सांगितले. ती 'अबंग' म्हणते आणि सकाळपासून त्याला त्याच नावाने उठवते आहे.
— ओवी आणि अभंगची आई