रील पाहणारे विद्यार्थी मतदार नोंदणीच्या नमुना ६ अर्जापर्यंत कसे पोहोचतील?

प्रश्न : माणकाठची_प्राध्यापिका

सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी आहे. यंदा २५ जानेवारीच्या राष्ट्रीय मतदार दिनानिमित्त आमच्या स्वयंसेवकांनी एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवर मतदार नोंदणीचे आवाहन करणारी रील केली. महाविद्यालयाच्या खात्यावर इतकी पाहिली गेलेली चित्रफीत आजवर दुसरी नव्हती. मात्र दोन आठवड्यांनी वर्गावर्गांत चौकशी केली, तेव्हा ती पाहून प्रत्यक्ष अर्ज भरलेले विद्यार्थी संपूर्ण द्वितीय वर्षात चारच निघाले. रीलमध्ये नाचणाऱ्यांपैकीही दोघांची स्वतःची नोंदणी झालेली नव्हती, हे कळल्यावर हसावे की रडावे ते समजेना. तालुक्यातील एक लोकप्रिय रीलस्टार मानधन घेऊन पुढची चित्रफीत करण्यास तयार आहे. तो खर्च करावा, की आमची चूक वेगळ्याच ठिकाणी आहे?

उत्तर : खडूफळा

मॅडम, मी प्राथमिक शिक्षक असून बीएलओचेही, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचेही, काम करतो. मानधनाचे पैसे वाचवा, असे मी म्हणेन. आपली रील मी पाहिलेली नाही. परंतु अशा बहुतेक चित्रफिती ‘नोंदणी करा’ एवढेच सांगून थांबतात आणि मुलांचे अडते ते त्यानंतरच्या पायरीवर.

अनेकांना अजूनही असे वाटते की १ जानेवारीला अठरा वर्षे पूर्ण नसतील, तर वर्षभर थांबावे लागते. वास्तविक २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. दुसरी अडचण अगदी किरकोळ वाटते, पण तीच सर्वाधिक भोवते. अर्जात घरातील ज्या व्यक्तीचे नाव आधीच यादीत आहे, तिच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक विचारला जातो. तो मुलांना ठाऊक नसतो, मग ‘घरी विचारून भरतो’ असे म्हणून मोबाइल खिशात जातो आणि अर्ज तिथेच राहतो. म्हणून आदल्या दिवशी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आईच्या किंवा वडिलांच्या ओळखपत्राचे छायाचित्र आणण्याची सूचना द्या आणि दुसऱ्या दिवशी संगणक कक्षात सर्वांना एकत्र बसवा.

उत्तर : न्यूजर्सीकर

प्रसिद्ध चेहऱ्याचा उपयोग होत नाही, असे मात्र सरसकट म्हणता येणार नाही. इथे अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये गायिका टेलर स्विफ्टने इन्स्टाग्रामवरून आवाहन केले, तेव्हा त्या एका दिवसात तिने सांगितलेल्या संकेतस्थळावर ३५ हजारांहून अधिक नोंदण्या झाल्या. पुढच्या वर्षी तिने दिलेल्या दुव्यावरून चोवीस तासांत ४ लाख ५ हजार ९९९ जण शासकीय नोंदणी संकेतस्थळावर पोहोचले. हा दुसरा आकडा भेटींचा आहे, नोंदण्यांचा नव्हे. वृत्तपत्रांचे मथळे वाचताना हा फरक निसटतो. तरीही दोन्ही वेळा आवाहन आणि अर्ज यांत बोटाच्या एका स्पर्शाचेच अंतर होते, हे खडूफळा सरांच्या म्हणण्याशी जुळते.

उत्तर : पेठेतली_पोर

मी विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडे कडू बोलते. मला अठरा वर्षे पूर्ण झाली ती २०२२ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली सुमारे चार वर्षे आमच्या प्रभागाला नगरसेवकच नव्हता आणि त्याच काळात आम्हाला ‘तुमचे एक मत शहर बदलते’ असे नाचून सांगितले जात होते. तरुण उदासीन आहेत, असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे. आम्ही मैत्रिणींनी अखेर आवाहने सोडून महाविद्यालयासमोरच्या एकाच पदपथाच्या चित्रफिती केल्या. प्रत्येकीत तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि आलेले उत्तर दाखवले. प्रेक्षक कमी मिळाले, पण ‘ही तक्रार कुठे करायची?’ असे विचारणारे बरेच निघाले.

उत्तर : डफतुणतुणे

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले शाहीर ज्या मैदानात गात, त्याच मैदानात सभाही होत असे. पोवाडा ऐकून लोकांनी घरी जावे, अशी ती योजना नव्हती. गावांतील मुलांसाठी आजचे मैदान ग्रामसभा आहे आणि मतदार यादीत नाव असणारा प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. हे कोणत्याच रीलमध्ये सांगितलेले मी पाहिलेले नाही.

माणकाठची_प्राध्यापिका

सर्वांचे आभार. रीलस्टारला नकार कळवला आहे. १ एप्रिलच्या आधी संगणक कक्ष दोन दिवस राखून ठेवत आहोत आणि नोंदणी नसलेले ते दोन नर्तक स्वतःचा अर्ज भरतानाची चित्रफीत करण्यास, बऱ्याच आढेवेढ्यांनंतर, राजी झाले आहेत. खडूफळा सर, एक शंका आहे. वसतिगृहातील मुलींनी नाव गावी नोंदवावे की इथे?

खडूफळा

अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असेल, तर प्राचार्यांचे बोनाफाईड प्रमाणपत्र जोडून वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदणी करता येते. गावी करायची असल्यास तीही चालते. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, एवढे मात्र आधीच बजावून सांगा. ज्या मुलींना गावच्या ग्रामसभेत बोलायचे आहे, त्यांनी नाव गावीच ठेवावे.