मदत हवी आहे: मैत्रिणी 'काही लागलं तर सांग' म्हणतात, पुढे काय?

निळाई
फार वेळ बसवत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. ग्रुपवर सगळ्यांना कॅन्सरचं सांगून झालं. 'काही लागलं तर सांग', 'तू फायटर आहेस', हात जोडलेले इमोजी, आणि त्यानंतर शांतता. दोघी तर फोनही उचलत नाहीत. पुढची सोमवारी आहे आणि सोबत कोण येणार ते अजून ठरलेलं नाही. यांच्याशी नेमकं काय बोलू? कृपया 'पॉझिटिव्ह राहा' लिहू नका, ते रोज ऐकते.

जुनाजाणता
पुढची म्हणजे काय? केमो की रेडिएशन? पेशंट तुम्ही स्वतः आहात की घरचं कुणी? घरात दुसरं कोण असतं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

रानवारा
रेडिएशन असेल तर मैत्रिणी घाबरल्या असतील. माझ्या भावाच्या वेळी हेच झालं होतं, लोक दारातूनच बोलून परत जायचे. मशीनने बाहेरून देतात त्या रेडिएशनचं अंगात काही उरत नाही. पेशंटशेजारी बसा, मिठी मारा, लहान मूल मांडीवर द्या, काही होत नाही. हे मैत्रिणींना स्पष्ट सांगा.

तळटीप
असं सरसकट सांगू नका. मला थायरॉइडसाठी रेडिओआयोडीन, म्हणजे पोटात घ्यायचं किरणोत्सर्गी औषध, दिलं होतं. तेव्हा काही दिवस वेगळ्या खोलीत राहायला आणि गरोदर बायका व लहान मुलांपासून लांब राहायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

रानवारा
मी 'मशीनने बाहेरून' असं लिहिलंय. नीट वाचा.

तळटीप
वाचलं. पण घाईत वाचणारा तेवढेच दोन शब्द गाळतो, म्हणून लिहिलं.

निळाई
प्रश्न रेडिएशनचा नव्हता. मी स्वतःच पेशंट. ब्रेस्ट. केमो, दर 21 दिवसांनी. नवरा नोकरीसाठी परगावी, शनिवार-रविवार येतो. मुलगी शाळेत. आता सांगा.

हिरवळ
ताई, प्रतिकारशक्ती वाढवायला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करा. माझ्या आत्याला खूप फरक पडला.

जुनाजाणता
नको! केमो चालू असताना ऑन्कोलॉजिस्टना विचारल्याशिवाय कुठलीही पूरक गोळी घ्यायची नाही. काही गोष्टी औषधाच्या कामात आड येतात. आणि हे त्यांनी विचारलेलंही नाही.

शब्दवेल्हाळ
निळाई, मी तीन वर्षांपूर्वी यातून गेले. 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्या बहुतेक जणी मनापासून म्हणतात. पण काय करायचं हे त्यांना सुचत नाही आणि मागायला आपल्याला संकोच वाटतो. म्हणून काम कापून द्यायचं: वार, वेळ, काय करायचं. 'सोमवारी सकाळी आठ ते दोन माझ्यासोबत बसशील का?' याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं.

माझी एक मैत्रीण डॉक्टरांच्या भेटीला वही घेऊन यायची. मी प्रश्न आधी सांगून ठेवायचे, ती विचारायची आणि उत्तरं लिहून घ्यायची. केमोत डोकं इतकं जड व्हायचं की लिफ्टपर्यंत येईतो मी अर्धं विसरलेली असायचे. दुसरी रात्री जागायची. केमोसोबत स्टेरॉइड देतात, त्या रात्री झोप उडायची. ती तिच्या घरी जागी, मी माझ्या घरी, आणि दोन वाजता आमचा फोन. आजाराचं अक्षरही नाही, तिच्या ऑफिसातली भांडणं ऐकायचे मी. त्या फोनांनी मला तारलं.

आणि एकीला मुकादम नेमा. रिपोर्ट काय आला, कोण कधी येणार, सगळं तिला विचारायचं. तुम्हाला पंचवीस जणींना तेच तेच सांगत बसावं लागत नाही.

मोरपीस
मुकादम मला अजिबात मान्य नाही. आमच्या 'मुकादम'ने माझे रिपोर्ट मी ज्यांना कधीच सांगितले नसते त्यांनाही सांगितले. आणि ग्रुपवर तर मागूच नका. ग्रुपवर प्रत्येकीला वाटतं, दुसरी कुणीतरी करेल. एकेकीला फोन करा.

शब्दवेल्हाळ
काय सांगायचं आणि काय नाही ते आधीच ठरवून द्यायचं. माणूस चुकीचं निवडलं म्हणून पद्धत वाईट होत नाही.

मोरपीस
ज्या बाईला धड बसवत नाही तिने आधी माणसं पारखत बसायचं का?

सदाफुली
केस गळायला दोन-तीन आठवड्यांत सुरुवात होते, आधीच बारीक कापून घ्या.

निळाई
केस गेलेत. फोन करायला दम लागतो, एकेकीला मेसेज करेन. पण दिवस कसे वाटू? सगळ्या पहिल्या आठवड्यात येतात, नंतर कुणी नाही.

तळटीप
त्याचं गणित साधारण ठरलेलं असतं. पहिले काही दिवस मळमळ आणि थकवा, तेव्हा घरकामाला आणि मुलीसाठी माणूस हवं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा सर्दी-खोकला असलेलं कुणीही नको, गर्दी नको, फोनवर गप्पा. तिसरा आठवडा त्यातल्या त्यात बरा, बाहेर फिरायचं तर तेव्हा. औषधागणिक थोडं बदलतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

निळाई
हे कुणीच असं मांडून सांगितलं नव्हतं. आणि त्या दोघी? एक तर शाळेपासूनची आहे.

मोरपीस
सोडून द्या. आत्ता त्यांची समजूत काढण्याइतकी ताकद तुमच्याकडे नाही.

जुनाजाणता
शाळेपासूनची आहे तर एक ओळ पाठवा. घरात कुणाचं असंच दुखणं पाहिलेली माणसं कधी कधी पळतात. 'काय बोलावं सुचत नसेल तर बोलू नकोस, नुसती ये.' उत्तर नाही आलं तर मग सोडा.

निळाई
मेसेज लिहिलाय, बघा: 'सोमवारी केमो आहे. सकाळी आठ ते दोन सोबत येशील का? बोलायची गरज नाही. जमणार नसेल तर आजच सांग, मी दुसरीला विचारेन.' शाळेवालीला जुनाजाणता म्हणाले ती ओळ. मुकादम नंतर बघू.

शब्दवेल्हाळ
छान आहे, आत्ताच पाठवा. सोबत येईल तिच्या फोनमध्ये हॉस्पिटलचा तातडीचा नंबर घालून द्या. आणि घरी थर्मामीटर कुठे आहे ते मुलीलाही दाखवा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर रात्र असली तरी फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

निळाई
पाठवला.