सेल्सफोर्समध्ये (विक्री आणि ग्राहक सांभाळायचं सॉफ्टवेअर) एकमेकांचे बदल पुसले जातात, काय करावं?

हिंजवडीकर: आम्ही सहा जण, प्रत्येकाचा वेगळा सँडबॉक्स (चाचणीसाठीची प्रत), प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरातल्या सिस्टीमला, सगळं चेंज सेटनं (बदलांच्या गठ्ठ्यानं) जातं. शुक्रवारी ॲडमिन ताईंनी थेट प्रॉडक्शनमध्ये पेज लेआउट (स्क्रीनवरची मांडणी) बदलला, संध्याकाळी माझ्या चेंज सेटमधल्या जुन्या लेआउटनं तो पुसला. सोमवारी सकाळी सेल्सवाल्यांचे फोन! आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) आणलं तर सुटेल का?

जुना_खेळाडू: सुटेल, पण आधी ताईंना चहा पाजा. आमच्याकडेही हेच रामायण झालं होतं. सगळा मेटाडेटा (लेआउट, कोड, सेटिंग्ज) गिटमध्ये टाकला, पण ॲडमिन मंडळी बाहेरच राहिली, त्यामुळे महिनाभर काही फरक नाही. मग मी रोज अर्धा तास त्यांच्या शेजारी बसून कमिट करायला, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवायला, शिकवलं. आता त्या माझे पुल रिक्वेस्ट (बदल तपासून घ्यायची विनंती) परत पाठवतात! प्रत्येक रिक्वेस्टवर व्हॅलिडेशन (प्रत्यक्ष न टाकता केलेली तपासणी) आपोआप चालवा. ॲपेक्स कव्हरेज (सेल्सफोर्सच्या कोडचा टेस्टनी तपासलेला भाग) ७५ टक्क्यांखाली असेल तर प्रॉडक्शनला जाणारच नाही, ते शुक्रवारी रात्री कळण्यापेक्षा दुपारी कळलेलं बरं. चेंज सेटनं काही डिलीट करता येत नाही, तोही त्रास संपेल. प्रोफाइलच्या (कोणाला काय परवानगी ते) एक्सएमएल फाइलमध्ये मात्र मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र जुळवताना, डोकं फिरतं. परवानग्या परमिशन सेटमध्ये (परवानग्यांचे वेगळे गट) हलवा.

नाशिकची_टेस्टर: स्क्रॅच ऑर्ग (चाचणीपुरता तात्पुरता सेल्सफोर्स) जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, त्यात टेस्ट डेटा जपून ठेवू नका. मी ठेवला होता.

हिंजवडीकर: चहा झाला. ताई म्हणाल्या, आधी तो लेआउट परत आण.