विषय: शनिवारी फावडी आणा, सल्ले घरी ठेवा

नमस्कार मंडळी,

आमच्या चिरंजीवांचा ईगल स्काउटचा (इथल्या अमेरिकन स्काउटमधला सर्वांत वरचा दर्जा) प्रोजेक्ट एकदाचा मंजूर झाला. गावच्या वाचनालयामागे गवताचा तुकडा ओसाड पडलाय ना, तिथे माजी सैनिकांच्या नावाने बाग करायचीय. विटांची गोल पायवाट, मधे झेंड्याचा खांब, दोन बाक, भोवती झाडं. उद्घाटन ११ नोव्हेंबरला, व्हेटरन्स डेला. त्याच महिन्यात त्याला अठरा पूर्ण होतात आणि काम त्याआधीच संपायला हवं, नंतरचं धरत नाहीत.

शनिवारी सकाळी ८ वाजता माणसं हवीत. व्हीलबॅरो असेल तर आणा. पोहे माझ्याकडे.

– मुलाची आई

---

वहिनी, अभिनंदन!

मी तीस वर्षं सिव्हिलमध्ये काढली. ड्रॉइंग पाठवा, रात्रीत बघून देतो. गोल कशाला, चौकोनी करा, विटा कापाव्या लागणार नाहीत. माझ्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर दोन दिवसांत उरकेल, पैसे आपलं मराठी मंडळ देईल, कोपऱ्यात मंडळाची पाटी लावू. आणि एक शंका, राग मानू नका: अमेरिकन सैनिकांच्या बागेत आपलं काय?

– सिव्हिलवाले काका

---

काका, राग कसला. पण कॉन्ट्रॅक्टर आला की प्रोजेक्ट बाद. प्रोजेक्टमध्ये तपासतात ते एवढंच, की मुलाने स्वतः आखणी केली का आणि माणसं हाताशी धरून काम करून घेतलं का. त्याने किती खणलं हे कुणी विचारत नाही. आपण सगळे त्याचे मजूर. देणगी द्यायची तर चेक वाचनालयाच्या नावे, उरलेले पैसेही त्यांचेच. आणि बाहेरच्यांकडून पैसे घ्यायला आधी परवानगी लागते, तेव्हा मंडळाने जरा थांबा. पाटीचं वाचनालयाला विचारावं लागेल. (मीच विचारते. नाही म्हणतील असं वाटतं.)

– मुलाची आई

---

'आपलं काय' यावर मला राहवत नाही.

भगतसिंग थिंद हे नाव ऐकलंय? पंजाबातून इथे आलेला, १९१८ मध्ये अमेरिकन सैन्यात भरती झालेला, पगडी घालून वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईसमध्ये कवायत केलेला माणूस. नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढूनही घेतलं. पुन्हा मिळवलं, तर १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तू गोरा नाहीस, सबब नागरिक होऊ शकत नाहीस. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्यांसाठी १९३५ मध्ये कायदा झाला, तेव्हा कुठे १९३६ मध्ये तो नागरिक झाला. म्हणजे शेवटी कामी आला तो गणवेशच. आपण इथे ग्रीन कार्डच्या रांगेला कंटाळतो!

विटांवर नावं कोरणार असाल तर त्याची एक माझ्या खर्चाने.

– ढोलपथकवाली

---

सगळ्यांना नमस्कार. मी प्रोजेक्टवाला मुलगा. मराठी टाइप करतोय, चुका झाल्या तर सॉरी.

काका, बाग गोलच राहणार, कारण व्हीलचेअरला कोपऱ्यात वळता येत नाही. खणण्याआधी ८११ ला (जमिनीखालच्या लाइन विचारायचा नंबर) फोन केला, गॅसची लाइन कुठे आहे त्या खुणा करून गेले. खाली ४ इंच खडी, वर १ इंच वाळू, मग विटा. कॉम्पॅक्टर (खडी दाबायचं मशीन) फक्त मोठी माणसं चालवणार, तुम्ही चालवाल का? बागेत लावायची अमेरिकन सैन्यदलांची चिन्हं सहा आहेत, पाच नाही, स्पेस फोर्स २०१९ मध्ये आली. ट्यूलिप लावणार नाही, हरणं खातात. डॅफोडिल्स खात नाहीत. झेंडा रात्री ठेवायचा तर उजेड पाहिजे, म्हणून सोलर दिवा.

मावशी, वीट चालेल. स्पेलिंग मला पाठवा, मी दोनदा चेक करीन.

---

मंडळी, शनिवारचा वृत्तान्त. एकवीस जण आले. काका कॉम्पॅक्टरवर असे रमले की जेवायला हाक मारावी लागली.

आमचे सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. त्यांना बाकावर बसवलं होतं. दहा मिनिटांत उठले, गुडघे टेकून सुतळीच्या रेषेत डोळा लावला आणि एकही शब्द न बोलता पाच विटा उपटल्या. प्रोजेक्टवाला पोरगा बघतच राहिला. मग त्याने लेव्हल ठेवून पाहिली, बुडबुडा खरंच एका अंगाला. "आजोबा, उरलेल्या पण बघाल?" दुपारभर दोघं तेच करत होते. एकाला हिंदी-मराठी, दुसऱ्याला इंग्रजी-थोडं मराठी. जेवताना त्यांनी त्याला अपशिंगे मिलिटरीचं सांगितलं. साताऱ्याजवळच्या त्या गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडले. पोराने विचारलं, "तिथे बाग आहे का?" म्हणाले, "शिळा आहे."

पाव भाग पायवाट राहिलीय. उद्या पावसाचा अंदाज आहे आणि वाळू उघडीच आहे. मोठी ताडपत्री कुणाकडे आहे? आज रात्री ९ च्या आत, मी घ्यायला येते.

– सुभेदारांची सून