गाडीचं ॲव्हरेज पडलंय, काय तपासू?

प्रश्न
माझी पेट्रोल हॅचबॅक आठ वर्षं जुनी आहे. आधी लिटरला १७ द्यायची, आता जेमतेम १४. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर, त्यामुळे महिन्याचा खर्च खरंच जड जातोय. सर्व्हिसिंग वेळेवर केलंय, एअर फिल्टरही नवा आहे. आणखी काय बघू?

उत्तर १
आधी टायरमधली हवा. टायर थंड असताना बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो धरू नका.
माझ्या गाडीचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक अडकून राहायचा. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केली की गाडी लगेच रेंगाळायची आणि त्या एकाच चाकाजवळ हात नेला की धग लागायची (रिमला हात लावू नका, भाजतं). कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणारा भाग) पिना गंजल्या होत्या. साफ करून ग्रीस लावल्यावर गाडी पुन्हा मोकळी पळायला लागली.

उत्तर २
वेगही बघा. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा. उतारावर न्यूट्रल करू नका: गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) पेट्रोल सोडणं थांबवतात, न्यूट्रलमध्ये ते जळतच राहतं.

प्रश्नकर्ता
हवा ३३ हवी तिथे २५ निघाली! भरून घेतली. ब्रेक रविवारी उघडून बघतो, मग टाकी फुल करून नव्याने मोजतो.