तबकडीवर ऐकला नाही म्हणजे मेटल ऐकलंच नाही म्हणे!

गोदाकाठचा_ढोल
परवा इथे एका महाशयांनी ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमची नवी कोरी तबकडी मांडीवर घेऊन फोटो टाकला. किंमत साडेचार हजार. खाली लिहिलंय, "हा अल्बम ज्याने तबकडीवर ऐकला नाही, त्याने मेटल ऐकलंच नाही. मोबाइलवाल्यांनी नाशिक ढोल ऐकावा." दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला १९९३ साली, नाशिकरोडला, मित्राच्या भावाने भरून आणलेल्या कॅसेटवर. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून पुन्हा कॅसेट. सुरुवातीला पाऊस पडतो आणि घंटा वाजते ना, तो पाऊस कुठे संपतो आणि टेपची खरखर कुठे सुरू होते हे मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं. तरी त्या तीन सुरांनी अंगावर काटा आलाच. मग मी काय ऐकलं, सत्यनारायणाची कथा?

आणि हा काही महिनोन् महिने घासूनपुसून केलेला अल्बम नाही. १६ ऑक्टोबर १९६९ ला चौघं लंडनच्या रीजंट साउंडमध्ये शिरले, क्लबात वाजवायचे तेच वाजवलं आणि एका दिवसात मोकळे झाले. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी, बाजारात. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी इंग्लंडात आठव्या क्रमांकावर नेला. असल्या खरबरीत मालाला तुम्ही मखमलीवर ठेवून पूजताय. वर "१८० ग्रॅमची आहे" हा तोरा. ताट जड आहे म्हणून आमटी चांगली होत नाही. अमेरिकेतल्या एका नामवंत कंपनीच्या "शुद्ध अ‍ॅनालॉग" तबकड्यांत, म्हणजे टेपवरून थेट कापलेल्या म्हणवणाऱ्या तबकड्यांत, मधे डिजिटल फाइलचा टप्पा असतो, हे २०२२ मध्ये बाहेर आलंच. तोवर कुठल्या कानसेनाला फरक कळला होता?

खोबणी_आणि_सुई
मीच तो महाशय. तबकडी मांडीवर नव्हती, टेबलावर होती. आधी फोटो नीट बघा.

मी आवाज मोजायला ती घेतलीच नाही. एक बाजू साधारण वीस मिनिटांची, तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. मधे उठून ती उलटावी लागते. कव्हरवरची मेपलडरहॅमची पाणचक्की आणि तिच्यासमोरची काळ्या झग्यातली बाई हातभर अंतरावर दिसते, मोबाइलवर ती टपालाच्या तिकिटाएवढी. आणि त्यामागची कहाणी! बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, वय १७, बर्मिंगहॅमचा पत्र्याचा कारखाना, नोकरीचा शेवटचा दिवस. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. पठ्ठ्या डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बँजोच्या हलक्या तारा लावल्या. बोटं शाबूत असती तर हा आवाज जन्मलाच नसता. किती सुंदर अपघात! अशा माणसाची कला फुकटात ऐकणं मला पटत नाही, बस्स.

आतली_रिंग
तुमची ब्रिटिश की अमेरिकन? ब्रिटिश तबकडीत दुसरी बाजू क्रो नावाच्या बँडच्या उसन्या गाण्याने सुरू होते, अमेरिकनमध्ये तिथे दुसरंच गाणं आहे. आणि शेवटचं दहा मिनिटांचं प्रकरण दोन्हीकडे आतल्या खोबणीत येतं. तिथे एका फेऱ्यात सुईला अंतर कमी मिळतं, आवाज चिरकतो. नेमकी सगळ्यात लांब गिटार तिथेच! बाकी आमच्या घरासमोरचा रस्ता पाइपलाइनसाठी चार महिने खणून ठेवलाय. एक बाजू वाजेपर्यंत तबकडीवर धुळीची साय येते. कुंभमेळा होईपर्यंत मी सगळ्या तबकड्या पेटीत भरल्यात. यावर कोणी बोलेल का?

अंबडचा_प्रेसवाला
रस्त्याचं नंतर. "सुंदर अपघात" हे शब्द मी दोनदा वाचले.

१९९८, रात्रपाळी, तीस टनी पॉवर प्रेस. दोन बटणं दोन हातांनी दाबली तरच प्रेस खाली यायला पाहिजे, म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, राहत नाही. आमच्या मशीनच्या एका बटणात लाकडी पाचर ठोकलेली होती, माल लवकर निघावा म्हणून. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं एक पेर गेलं. आवाज असा काही येतच नाही. फोरमन दवाखान्यात अर्धा किलो द्राक्षं घेऊन आला आणि म्हणाला, "घरी पंख्यात हात गेला असं सांग."

मी वरातीच्या पार्टीत बँजो वाजवायचो, बटणांचा. डावा हात बटणांवर. त्यानंतर झांज वाजवतो. यातून कुठलं नवीन संगीत जन्माला आलं नाही, भाऊ.

खोबणी_आणि_सुई
तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण मी संगीतावर बोलत होतो. प्रत्येक ठिकाणी लाल झेंडा घेऊन यायलाच हवं का?

गोदाकाठचा_ढोल
वा! साडेचार हजारांत तबकडी मिळते, लाज वेगळी विकत घ्यावी लागते वाटतं.

कलम_एकवीस
मी कामगारांच्या भरपाईचे दावे लढवते, म्हणून राहवलं नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९२३ च्या भरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर कमाईची क्षमता ७ टक्के घटली असं धरायचे, अनामिकेचं गेलं तर ५. आयोमीची तीच दोन बोटं. हाड न जाता नुसतं टोक गेलं असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे जगाला हेवी मेटल देणारा माणूस आमच्या हिशेबात फार तर बारा टक्के. बँजोवाल्याचं बोट आणि झाडूवाल्याचं बोट, दर एकच. प्रेसवाले दादा, तुम्हाला ते ७ टक्के तरी मिळाले का?

अंबडचा_प्रेसवाला
पंख्याचे कोण देणार, ताई?

जुना_फोरमन
सगळ्या फोरमनना एका माळेत ओवू नका. सातपूरला एकतीस वर्षं काढली आहेत. मी मशीनला हात आत जाऊ नये म्हणून गार्ड लावायचो आणि पोरं जेवणाच्या सुट्टीत पान्याने काढायची. का, तर पीसमागे पैसे. ओरडलं तर म्हणायची, "काका, तुमचा पगार ठरलेला आहे." आणि त्या गोऱ्याची पूर्ण गोष्ट सांगा की! तो खचला तेव्हा त्याच्या फोरमननेच त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. डाव्या हाताच्या दोनच बोटांवर गिटार वाजवणारा माणूस. फोरमन नसता तर तुमचं मेटल कुठलं?

कलम_एकवीस
काका, प्रेसवर रोज बसणारी बाई त्या दिवशी आली नव्हती म्हणून न शिकवता त्या पोराला तिथे बसवलं होतं. बसवलं कोणी? तबकडी नंतर आली, गार्ड आधी यायला हवा होता. आपल्याकडे १९४८ पासून कायद्यात आहे.

जुना_फोरमन
कायदा मला शिकवू नका. माझ्या शेडमध्ये एकही बोट गेलं नाही.

अंबडचा_प्रेसवाला
पंख्यात किती गेली, फोरमनसाहेब?

जुना_फोरमन
तोंड सांभाळून बोला.

(रात्रभर सामसूम.)

जुना_फोरमन
एक गेलं होतं. २००४. गार्ड होता, पण पीसरेट आम्हीच ठरवला होता. झोप आली नाही म्हणून लिहितोय, माफी वगैरे मागत नाहीये.

आतली_रिंग
आणि रस्ता?

खोबणी_आणि_सुई
"सुंदर" हा शब्द मागे घेतो. लाल झेंडाही. तबकडी मागे घेत नाही. आणि ढोलसाहेब, ढोलाची चेष्टा नको होती, मान्य. आमच्या गल्लीत मिरवणूक आली की खिडकीच्या काचा अजून त्या अल्बमपेक्षा जास्त थरथरतात. झालं समाधान?

गोदाकाठचा_ढोल
अर्धं. ती टेपवरून कापलीय की फाइलवरून, ते अजून सांगितलं नाहीत.

खोबणी_आणि_सुई
कव्हरवर लिहिलेलं नाही.

गोदाकाठचा_ढोल
हाहाहा. साडेचार हजार!

अंबडचा_प्रेसवाला
पोराने काल मोबाइलवर तो अल्बम लावून दिला. गाणं मला फार कळलं नाही, पहिलं तर फारच संथ आहे. पण ते टोपणाचं डोक्यातून जाईना. पेनाचं टोपण कापून बोटाला लावलं आणि माळ्यावरचा बँजो काढला. बटणावरून घसरतं. त्याचं कसं घसरत नव्हतं?

खोबणी_आणि_सुई
त्याने टोपणावर चामडं चिकटवलं होतं. जुन्या जॅकेटचा तुकडा.

अंबडचा_प्रेसवाला
जुनं पाकीट चालेल?

खोबणी_आणि_सुई
पातळ असेल तर चालेल. खरबरीत बाजू बाहेर ठेवून बघा.